काय फिरतंय?

वॉशिंग मशीनचा कॉक बदलायला वीस मिनिटं लागतात, असं मी तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो. नवा बसवायला वीस मिनिटं, हे खरंच आहे. जुना काढण्याचं मी बोलत नाही.

कोथरूडच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या सोसायट्या हा माझा इलाखा. भिंतीत अर्ध्या इंचाचा जीआय पाईप, टोकाला एल्बो, एल्बोत पितळी कॉक. पूर्वी तिथे धुण्याची मोरी होती, नळ दिवसातून दहादा उघडायचा, मिटायचा. मशीन आलं आणि कॉक कायमचा उघडा राहिला. पंधरा वर्षांनी मशीनची नळी फुटते, काकू धावत जाऊन कॉक फिरवायला बघतात, तर तो दगड झालेला असतो. रोज हाताळलेला नळ वायसर बदलून चालतो. न हाताळलेला असा ऐनवेळी दगा देतो.

मग पान्हा लावायचा. आधी किंचित आवळायचा, गंज तडकावा म्हणून, आणि मग उलटा जोर. काहीतरी हलतं. काय हललं? माझी सगळी विद्या एवढ्या एका प्रश्नात आहे. पाईप उघड्यावर असेल तर दुसरा पान्हा एल्बोला लावून धरता येतो. इथे दुसरा पान्हा म्हणजे भिंत, आणि भिंतीतलं प्लास्टर भुसभुशीत झालं असेल तर तीही धरत नाही. अर्ध्या इंचाच्या कॉकला एका इंचात चौदा आटे. म्हणजे पूर्ण फेऱ्याला तो दोन मिलिमीटरहून थोडा कमीच बाहेर येणार, पाव फेऱ्याला अर्धा मिलिमीटरही नाही. डोळ्याला ते दिसत नाही. हाताला कळतं. आटा सुटतो तेव्हा कोरडी करकर लागते आणि पुढे पान्हा हलका होतो. एल्बो फिरत असेल तर जोर मऊ लागतो. आत पाईपला पीळ बसत असतो आणि पान्हा सोडला की तो किंचित मागे येतो. इथे जो थांबत नाही, तो दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्यांचं ओलं छत बघायला जातो.

मीही गेलो आहे. एकदा तर "पाईप कुजलेलाच होता" असं सांगून फोडकामाचे पैसेही घेतले. पाईप कुजलेला होता, हे खोटं नव्हतं. पण पिरगळला मी.

आता युनिफॉर्मवाली मुलं येतात. ती भिंतीच्या वाट्याला जातच नाहीत. टाइल्सवरून बाहेरून सीपीव्हीसी फिरवतात, डिंक लावतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि जातात. दिसायला ओंगळ, पण गळत नाही, आणि हेच मला जास्त झोंबतं. त्यांच्या टेफ्लॉनवर मात्र मी बोलणार. अर्धं रीळ गुंडाळतात. कॉकचं तोंड सरळ करायला जरा मागे घेतला की टेफ्लॉन गळायला लागतं. ताग आणि सफेद्याला तेवढं चालतं; ताग भिजला की फुगतो. कॉक तर हातात घेऊनच बघा, वजनच नाही. वर चकाकी, आत पातळ मान. मान तुटून आटे एल्बोत राहिले की मग करवतीच्या पात्याचा तुकडा फडक्यात धरून बसा कापत.

दोन वर्षांपासून माझ्या उजव्या हाताची तीन बोटं बधिर आहेत. मनगटात नस दबली आहे म्हणे. हे मी कोणाला सांगितलं नाही. भाच्याला बरोबर घेतलं ते "शिकू दे पोराला" म्हणून.

गेल्या महिन्यात एका काकूंकडे पान्हा मीच धरला होता. भाच्याने मला न विचारता कॉकपासून टाइलपर्यंत पेन्सिलीची रेघ मारली. मी हसलो. जोर दिला, हललं. म्हटलं, "सुटला."

"मामा, सोडा जरा."

सोडला. रेघेचे दोन तुकडे झाले होते, ते हळूच परत जवळ आले.

"परत येतोय. एल्बो फिरतोय."

माझ्या हाताला काहीच लागलं नव्हतं. एक टाइल काढली. एल्बोला केसाएवढी चीर, भोवतीचं प्लास्टर ओलं. आणखी पाव फेरा दिला असता तर टाकीचं पाणी स्वयंपाकघरात.

काकू चहा घेऊन आल्या. "वेळेत कळलं हो."

"तीस वर्षं झाली काकू, हाताला कळतं," मी म्हणालो.

भाचा खाली मान घालून नव्या कॉकच्या आट्यांवर ताग गुंडाळत होता. मला वाटलं, उलट्या दिशेने गुंडाळतोय. वाकून पाहिलं. नव्हता गुंडाळत.