तात्यांचा वरचा तुकडा

वाइन बनवायला मी वर्गात शिकले. जमीन ओळखायला शिकवलं ते दिंडोरी तालुक्यातल्या एका बागायतदाराने. आमच्या वायनरीला शिराझ द्राक्षं देणाऱ्यांपैकी ते एक. गाव त्यांना तात्या म्हणे, मीही म्हणू लागले.

त्यांची बाग एकाच गटात, सलग. कलमं एकाच वेळची, खुंट तोच. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी दोन्ही टोकांना लागोपाठच व्हायची. आमच्या नोंदवहीत ती एक बाग होती आणि तिचा माल एकाच टाकीत जायचा. तात्यांना ते मुळीच पटत नव्हतं. "ताई, ही दोन वावरं आहेत. एक आहे ते फक्त सातबाऱ्यावर."

एका उन्हाळ्यात त्यांनी दोन्ही टोकांना खड्डे घेतले आणि मला आत उतरवलं. वर, चढाला, दीडेक फुटावर माती संपून मुरूम लागला. मुळं त्याच्या भेगांतून वाट काढत गेलेली. खाली, नाल्याच्या अंगाला, कमरेइतकं उतरलं तरी काळी मातीच, आणि मुठीत दाबली की गोळा होईल इतकी ओल. पुढे वेलींत जे दिसलं त्याचा उलगडा त्या दोन खड्ड्यांतच होता. मण्यांत पाणी उतरू लागलं की वरच्या वेलींचे शेंडे आपसूक थांबत. खालच्या वेलींना पाणी मिळतच राही; शेंडे चालू, बगलफुटी दाट, घड सावलीत. मणी फुगलेला, म्हणजे रसाच्या मानाने साल कमी. आणि रेड वाइनचा रंग नि तुरटपणा येतो मुख्यतः सालीतून. छाटणीनंतर पाऊस लांबला तर डाऊनी बुरशीही आधी नाल्याकडेच दिसे. तोडणीच्या सुमारास रिफ्रॅक्टोमीटरवर साखर दोन्हीकडे जवळपास सारखी भरायची. तात्या बी चावून बघायला लावत. वरची तपकिरी, कुरकुरीत. खालची अजून हिरवट, जीभ आखडवणारी.

त्यांच्या आग्रहाने दोन्ही तुकड्यांचा माल वेगवेगळ्या टाक्यांत आंबवला. वरच्या तुकड्याची वाइन गडद, भरीव झाली. खालची फिकट, तोंडात लवकर विरणारी. खालच्या द्राक्षांना मी वाईट म्हणणार नाही. पुढे ती लवकर तोडून आम्ही रोझे केली, आणि ती रोझे मला मनापासून आवडते.

फ्रान्समध्ये बर्गंडीत क्लो द व्हूजो नावाचा मळा आहे. सिस्टर्शियन मठवाशांनी राखलेला, भिंतीने वेढलेला, सुमारे 50 हेक्टरचा. आज त्याचे ऐंशीच्या आसपास मालक आहेत आणि सगळ्यांच्या बाटलीवर तोच सर्वोच्च दर्जा. मी हे तात्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, "खालच्या अंगाला पाणी साचत असेल ना?" साचतं. तिथे खाली, रस्त्याकडची जमीन भारी आहे, निचरा कमी. जाणकार चढावरच्या भागाची वाइन शोधतात.

पण माझ्यावरचं त्यांचं खरं ऋण दुसरं आहे. तात्यांचं उभं आयुष्य थॉम्पसन या खाण्याच्या द्राक्षांत गेलेलं. घड जीए या संजीवकाच्या द्रावणात बुडवून मणी फुगवायचा, वजन वाढवायचं, हीच त्यांची विद्या आणि हाच अभिमान. मुरमातल्या वेलीला सगळे घड नीट पिकवणं झेपत नाही हे दिसल्यावर त्याच हातांनी ते वरच्या तुकड्यातले घड कापून टाकू लागले. वायनरी पैसे किलोवर देत होती, दोन्ही तुकड्यांना एकच दर. म्हणजे माझी वाइन चांगली व्हावी म्हणून ते स्वतःचं उत्पन्न ओळीत टाकून पुढे जात होते. मी थांबवायला गेले तर म्हणाले, "राहू द्या ताई, वेलीला झेपेल तेवढंच घ्यावं."

वरच्या तुकड्याला वेगळा, चढा दर मिळवून द्यायला मला काही हंगाम लागले. तोवर बाग त्यांच्या सूनबाई पाहू लागल्या होत्या. घडांची विरळणी त्या तशीच करतात, आणि त्याचं मोल आता त्यांना मिळतं. तात्यांनी कापलेल्या घडांचं मोल त्यांना कुणीच दिलं नाही, मीही नाही.