रेनबोतल्या चौघांना

प्रिय फ्रेडी, ब्रायन, रॉजर आणि जॉन,

अरे-तुरे करतोय, कारण हे पत्र 31 मार्च 1974 च्या रात्री लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये उभ्या असलेल्या चौघांना आहे. फ्रेडी 27 वर्षांचा, ब्रायन 26, रॉजर 24 आणि जॉन जेमतेम 22. तुमच्या ‘क्वीन’ या बँडचा ‘क्वीन टू’ हा दुसरा अल्बम दुकानांत येऊन तीन आठवडे झालेत. भरलेली स्टेडियमं अजून लांब आहेत, ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ला अजून दीड वर्ष आहे. सुरुवातीला टेपवरून ब्रायनच्या गिटारींची ‘प्रोसेशन’ ही छोटीशी नांदी वाजते. ती संपते आणि ‘फादर टू सन’ उसळतं. त्यानंतर जे काही ऐकू येतं ते चार माणसांनी त्या क्षणी हाताने आणि गळ्याने काढलेलं आहे.

ही मैफल अधिकृतपणे आमच्या हातात पडायला 2014 साल उजाडलं. चाळीस वर्षं! फ्रेडी, तोवर तुला जाऊनही तेवीस वर्षं होत आली होती.

तुमच्याविषयी मराठीत बरंच छापून येतं, आणि फ्रेडी, त्याची सुरुवात बहुतेक वेळा पाचगणीपासून होते. तू तिथल्या सेंट पीटर्समध्ये शिकलास, बरोबरच्या मुलांना घेऊन ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढलास, त्यात पियानो वाजवलास. याचं कौतुक आम्हाला असणारच, मलाही आहे. पण लेख पाचगणीचा घाट उतरतो तो थेट 1985 च्या लाइव्ह एडला, वेम्बलीच्या मैदानात. मधल्या वाटेवरचा कानठळ्या बसवणारा क्वीन त्यात कुठेच भेटत नाही. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात टाळ्या-टाचांवर वाजणारं ‘वी विल रॉक यू’ सगळ्यांना पाठ असतं. तेच गाणं तुम्ही 1979 च्या ‘लाइव्ह किलर्स’च्या आरंभी दुप्पट वेगात, गिटारी ओरबाडत वाजवलंय, हे सांगितलं की लोक माझ्याकडे बघतच राहतात.

मीसुद्धा ‘ग्रेटेस्ट हिट्स’च्या कॅसेटवरूनच तुमच्यापर्यंत आलो. ती इतकी ऐकली की फीत ताणली गेली. मग एका मित्राने ‘शीअर हार्ट अटॅक’ दिली आणि तिच्यात ‘स्टोन कोल्ड क्रेझी’ लागलं. सव्वादोन मिनिटांचं गाणं. मला वाटलं, मित्राने मध्येच दुसऱ्याच बँडचं काहीतरी भरून दिलंय. शब्द एकमेकांच्या पाठीवर पाय देऊन पळतायत, रिफ मध्येच थांबतो, श्वास घेतो, पुन्हा झडप घालतो. 1974 साली हा वेग रॉकमध्ये कितीसा होता? हे गाणं तर तुम्ही त्याच्याही आधी काही वर्षं मंचावर वाजवत होतात, म्हणून त्याचं श्रेय चौघांच्या नावावर गेलं. तुमच्या अल्बमांत तसं पहिल्यांदाच घडलं. पुढे मेटॅलिकाने ते वाजवलं आणि 1991 मध्ये ग्रॅमी मिळवलं. एप्रिल 1992 मध्ये, फ्रेडी, तुझ्या स्मरणार्थ झालेल्या वेम्बलीच्या कार्यक्रमात जेम्स हेटफिल्ड हेच गाणं गायला आला. मागे ब्रायन, रॉजर, जॉन, आणि जोडीला ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी. हेवी मेटलवाले तुम्हाला आपल्यातले समजत होते. आम्ही मात्र तुम्हाला लग्नाच्या हॉलमध्ये ऐकत राहिलो.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो.

स्टुडिओत तुम्ही थरावर थर चढवणारे लोक. फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर, तुम्ही तिघं एकच ओळ पुन्हा पुन्हा गाऊन त्याचा अख्खा जमाव उभा करायचात. ब्रायन, तू एका गिटारीवर दुसरी, दुसरीवर तिसरी रचत अख्खा वाद्यवृंद बांधायचास, आणि हे सिंथेसायझर नव्हे हे अल्बमच्या वेष्टनावर अभिमानाने छापायचास. ‘क्वीन टू’ म्हणजे शिगोशिग भरलेलं भांडं. आता ते भांडं घेऊन चार माणसं रंगमंचावर जाणार कशी? एक गिटार, एक बेस, एक ड्रम्सचा संच, फ्रेडीचा पियानो आणि तीन गळे, एवढंच तुमच्याजवळ. उरलेला वाद्यवृंद स्टुडिओतच राहिलेला.

रेनबोच्या ध्वनिमुद्रणात मला ऐकू येतं ते हेच: जे हाताशी नाही त्याच्या जागी तुम्ही काय ठेवलंत. तुम्ही जोर ठेवलात. जिथे अल्बमवर दहा आवाजांचा कोरस आहे, तिथे रॉजरच्या झांजा फुटतात. जिथे गिटारींची नक्षी आहे, तिथे ब्रायन एकच स्वरपुंज घेतो आणि तो इतका जाड करून सोडतो की दुसऱ्याची आठवण होत नाही. ‘ओगर बॅटल’ अल्बमवर उलट्या फिरवलेल्या टेपेने सुरू होतं, गाण्याचा शेवटच उलटा करून आरंभी जोडलेला. ही स्टुडिओतली करामत मंचावर शक्यच नव्हती. तिथे ते गाणं सरळ युद्धासारखं सुरू होतं, आणि माझ्या कानाला ते जास्त खरं वाटतं. फ्रेडी, ते तू गिटारवर रचलंस म्हणतात. पियानोवर असा रिफ सुचला असता असं मला वाटत नाही.

तीन डिसेंबर 1973 ला बीबीसीच्या स्टुडिओत तुम्ही जे वाजवलंत तेही मी याच रांगेत ठेवतो. ‘ओगर बॅटल’ तेव्हा अजून अल्बमवर यायचं होतं. त्याच दिवशी ‘ग्रेट किंग रॅट’, ‘मॉडर्न टाइम्स रॉक अँड रोल’ आणि ‘सन अँड डॉटर’. हे शेवटचं गाणं तुमच्या पहिल्याच सिंगलच्या, ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’च्या मागच्या बाजूला होतं, त्यामुळे फार थोड्यांनी नीट ऐकलं. जड, संथ, चिखलातून पाय ओढत चालल्यासारखं गाणं. अल्बमवर ते साडेतीन मिनिटांच्या आत संपतं. बीबीसीत मात्र मध्यावर ब्रायनचा गिटार सोलो सुरू होतो आणि गाणं दुपटीने लांबतं. हाच सोलो पुढे ‘ब्रायटन रॉक’मध्ये राहायला गेला आणि जगभर ओळखला गेला. त्याआधी मात्र तो ‘सन अँड डॉटर’मध्ये राहत होता.

ब्रायन, त्या सोलोत तू एकाचे तीन होतोस. सूर वाजवायचा, एको यंत्रातून तो थोड्या वेळाने परत यायचा, आणि परत आलेल्या सुरावर तू पुढचा सूर ठेवायचास. स्टुडिओत थर चढवायची तुझी सवय तू मंचावर अशी आणलीस, एकट्याच्या हातांनी. आणि ती गिटार! 1963 पासून तू आणि तुझे वडील हॅरल्ड घरी बसून ती घडवत होतात. तिच्या मानेचं लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं, ट्रेमोलोच्या स्प्रिंगा मोटारसायकलच्या. वाजवायचास ती प्लॅस्टिकच्या पिकने नव्हे, सहा पेन्सच्या नाण्याने. नाण्याची कातरलेली कड तारेला घासते तेव्हा सुराच्या आधी एक बारीक खरखर येते. अल्बमवर ती थरांखाली दबते. रेनबोत ती उघडी आहे, आणि त्या खरखरीमुळेच तुझा आवाज इतर कुणाचाही वाटत नाही.

फ्रेडी, एक तक्रार सांगून टाकतो. या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत तू काही वेळा वरचा सूर टाळतोस, ओळ खालच्या बाजूने वळवून घेतोस. अल्बम पाठ असलेल्याला ते लगेच खटकतं, आणि नंतरच्या वर्षांतला तुझा भरदार आवाज इथे अजून पुरता आलेला नाही. तरी तुझ्यात एक घाई आहे जी पुढे कधी दिसली नाही. प्रेक्षक अजून तुझे झालेले नाहीत, त्यांना जिंकायचंय, आणि ते प्रत्येक ओळीच्या टोकाला ऐकू येतं. वेम्बलीवर तुला कुणाला जिंकावं लागलं नाही.

1974 च्याच नोव्हेंबरात तुम्ही पुन्हा रेनबोत आलात. मधल्या साडेसात महिन्यांत बरंच घडलं होतं. मॉट द हूपलच्या आधी वाजवायला तुम्ही अमेरिकेला गेलात, तिथे ब्रायनला कावीळ झाली, दौरा अर्ध्यावर सोडावा लागला. परत आल्यावरही तो दुखण्यात होता आणि ‘शीअर हार्ट अटॅक’चं काम बाकीचे तिघं पुढे नेत होते. 19 आणि 20 नोव्हेंबरला तुम्ही उभे राहिलात तेव्हा नवी गाणी हाताशी होती आणि अंगात आत्मविश्वास होता. आरंभाला ‘नाउ आय’म हिअर’, ब्रायनने त्याच अर्धवट दौऱ्याविषयी लिहिलेलं. बहुतेक लोक नोव्हेंबरची रात्र अधिक चांगली मानतात, आणि वाजवणं अधिक सफाईदार आहे यात वाद नाही. मी तरी मार्चचीच लावतो. सफाई यायच्या आधीची ती रात्र मला हवी असते.

पुढे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आलं आणि पहिल्यांदा तुम्ही कबूल केलंत की एक गोष्ट चौघांना जमणार नाही. ऑपेराचा भाग सुरू झाला की तुम्ही मंच सोडून आत जायचात, टेप वाजायची, समोर नुसते दिवे. अनेकांना ती फसवणूक वाटली. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. खोटं ओठ हलवत उभं राहण्यापेक्षा रिकामा मंच बरा. आणि टेप संपताक्षणी तुम्ही धावत परत यायचात ते कशासाठी? त्या गाण्यातल्या सगळ्यात धसमुसळ्या, डोकं हलवायला लावणाऱ्या तुकड्यासाठी. तेवढं मात्र स्वतःच्या हाताने वाजवायचं होतं तुम्हाला.

जॉन, शेवटी तुझ्याशी बोलायचंय. मैफली सोडून तुला किती वर्षं झाली. तुझं नाव या चौघांत नेहमी चौथं येतं, या पत्रातही आलंय. पण मार्चच्या त्या रात्री ‘सन अँड डॉटर’मध्ये ब्रायन एकटाच गिटार घेऊन लांब निघून जातो, ताल सुटतो, तो आता परत कसा येणार असं वाटायला लागतं, आणि मग तू आणि रॉजर एकदम आत येता. तुझा बेस गिटारीच्या खाली नुसता सतरंजी अंथरल्यासारखा नाही. मंचावर ठेका धरायला दुसरी गिटार नाही, म्हणून ते कामही तूच करतोस, बावीस वर्षांच्या बोटांनी. मी तिथवर येतो, थांबवतो, अर्धा मिनिट मागे नेतो, आणि तुम्ही दोघं आत येता ते पुन्हा ऐकतो.

तुमचा,
एक श्रोता