बोरचं पाणी

आमची डिझेल गाडी उकळली ती हिमाचलात, बारालाचाच्या चढावर. पण ती बिघडत होती भोकरात, आमच्याच अंगणात, नऊ वर्षं. रेडिएटरमधलं पाणी कमी झालं की मी बोरच्या नळाला पाइप लावायचो आणि गळ्यापर्यंत भरायचो. गावात सगळेच तसं करतात, असं म्हणून मला सुटता येणार नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो. दुष्फेन पाणी म्हणजे काय, ते तापवलं की त्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तळाला कसे बसतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. आमच्या न्हाणीतल्या हंड्याला त्याच पाण्याचा पांढरा थर चढतो आणि माय तो चिंच लावून घासते. हंडा घासता येतो. रेडिएटरच्या नळ्या काडीएवढ्या बारीक असतात, त्यांच्या आत कोणाचा हात जाणार, हा विचार मी एकदाही केला नाही.

मे २०२२ मध्ये लेहला गाडीनं जायचं ठरलं. मी, बायको, पंधरा वर्षांचा मुलगा, अडुसष्ट वर्षांची माय आणि आळीपाळीनं गाडी चालवायला मेहुणा. मी महिनाभर आधी तयारीला लागलो, आणि माझी तयारी म्हणजे खरेदी होती. चार नवे टायर घेतले. टपावर कॅरिअर बसवलं. धुक्यातले दिवे, सीटचे कव्हर, मोबाईल अडकवायचं स्टँड घेतलं. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, तेलाचा पाच लिटरचा डबा, शेगडी, सतरंज्या असं सगळं भरलं. घरापुढे उभी गाडी बघून शेजारी म्हणायचे, गुरुजींची तयारी जंगी आहे. मलाही तसंच वाटायचं. एवढ्या खरेदीत इंजिनचं झाकण मी उघडलंच नाही.

ज्यांच्या हातात ही गाडी पहिल्या दिवसापासून आहे त्या उस्तादांकडे मी गेलो ते निघायच्या आदल्या संध्याकाळी, तेही फक्त ऑइल बदलायला. त्यांनी न सांगता रेडिएटरचं झाकण काढलं, बॅटरी आत मारली आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, बोर का पानी नको डालो म्हणून कितने बार बोला. जाली बंद होती." झाकणाचं वायसरही कडक होऊन चिरलं होतं. रेडिएटर उतरवून खोलावा लागेल, दोन दिवस द्या, असं ते म्हणाले. मी म्हणालो, आल्यावर करू. त्यांनी अजून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ऑइलचा डबा उघडला. ते पाहणं मला आजही आठवतं. माझ्यापेक्षा माझ्या गाडीची काळजी त्यांना जास्त होती.

भाचा पर्थला असतो. पूर्वी एकदा तो मित्रांबरोबर नलारबॉरच्या माळरानातून ॲडलेडला गाडीनं गेला होता. त्या वाटेवर एक पट्टा असा आहे की १४६ किलोमीटर रस्ता कुठंही वळत नाही. डिझेल, पाणी, माणूस, सगळं शंभर-दोनशे किलोमीटरच्या अंतरानं भेटतं. मी हौसेनं त्याला कॅरिअरचे फोटो पाठवले. त्यानं फोन करून तीनच गोष्टी विचारल्या. "मामा, स्टेपनीत हवा किती आहे? प्यायचं सोडून वेगळं पाणी किती घेतलंय? आणि कोणत्या दिवशी कुठं पोचणार, हे घरी कोणाला लिहून दिलंय?" तिकडे निर्जन भागात जाताना लोक पोचायची वेळ कोणाला तरी सांगून ठेवतात. गाडी बंद पडलीच तर ती सोडून पायी निघायचं नाही, हा तिथला पहिला नियम. कारण वरून शोधणाऱ्याला गाडी दिसते, माणूस दिसत नाही. मला त्याच्या प्रश्नांचा राग आला. आपला देश माणसांनी भरलाय, पाणी वाटेत मिळेल, असं काहीतरी बोलून मी फोन ठेवला. तिन्ही प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नव्हती, हे खरं कारण होतं.

भोकरहून भैसा, भैशाहून निर्मल, आणि निर्मलला श्रीनगर-कन्याकुमारीचा ४४ नंबरचा महामार्ग लागतो. तिथून उत्तरेकडे तोंड केलं की अंबाल्यापर्यंत रस्ता बदलायचं काम नाही. आदिलाबाद, पांढरकवडा, हिंगणघाट, नागपूर मागे पडलं. गाडी सुरेख पळत होती. सपाट रस्त्यावर, वाऱ्याच्या झोतात, अर्धा बुजलेला रेडिएटरही काम निभावतो. म्हणूनच तो अर्धा बुजलाय हे मला नऊ वर्षं कळलं नव्हतं.

पहिला इशारा मध्य प्रदेशात सागरच्या अलीकडे मिळाला. भर दुपारी मागचं चाक बसलं. जॅक आणि पाना डिकीच्या तळाशी, त्यावर पीठ, तेल, सतरंज्या. सगळा संसार रस्त्याच्या कडेला काढावा लागला. मग पाना नटाला लावला तर नट हलेना. नवे टायर बसवताना ते हवेच्या गननं आवळले होते, आणि गाडी ताब्यात घेताना मी एकही नट हातानं सैल करून पाहिला नव्हता. मेहुण्यानं पायानं दाब दिला, पाना वाकला. शेवटी एका ढाब्यावरून लोखंडी पाइप आणून पान्याच्या दांड्यात अडकवला, तेव्हा नट सुटले. स्टेपनी लावली तर तिच्यात निम्मी हवा. दोन तास माय लिंबाच्या झाडाखाली बसून होती. त्या दिवशी खरं तर भाच्याचा पहिला प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला होता. उरलेले दोन आठवायला हवे होते. पण चाक बदलून झालं आणि मी समजलो की अडचण संपली.

मनालीत दोन रात्री काढल्या. पुढे नऊ किलोमीटरचा अटल बोगदा ओलांडला की लाहौल लागतं. तिथं तांदी नावाचं गाव आहे. गावाजवळच्या पेट्रोल पंपावर त्या वेळी पाटी होती, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. आम्ही टाकी आणि एक कॅन भरला. याच तांदीला चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा संगम होतो आणि नदीचं नाव चंद्रभागा होतं. खाली गेल्यावर तीच चिनाब. मुलानं हे वाचून दाखवलं तेव्हा माय गाडीतून उतरायला निघाली. तिनं आयुष्यात कितीतरी आषाढी पंढरपूरला केल्या आहेत. तिथली चंद्रभागा म्हणजे भीमा, तिच्या चंद्रकोरीसारख्या वळणामुळे ते नाव पडलंय. ही खरोखरीच चंद्रा आणि भागा. ती म्हणाली, "मला पाण्याला हात लावू दे." मी म्हणालो, उशीर होतोय, परत येताना थांबू. तिनं गाडीतूनच हात जोडले. हेही मी माझ्या चुकांमध्ये धरतो.

रात्री जिस्पाला राहिलो, सुमारे ३,२०० मीटरवर. दुसऱ्या दिवशी बारालाचा ओलांडून सरचूला मुक्काम करायचा, असा बेत मीच आखला होता. सरचू जवळपास ४,३०० मीटरवर आहे. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा दिवसाला पाचशे मीटरहून जास्त वर नेऊ नये, असं डॉक्टर सांगतात. मी एका दिवसात त्याच्या दुपटीहून वर न्यायला निघालो होतो, तेही मायला घेऊन. भोकर समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आसपास. वयाचा आणि उंचीचा हिशेब मी गाडीचाही केला नाही, माणसाचाही केला नाही.

झिंगझिंगबार सोडल्यावर चढ सुरू झाला. रस्त्यावरून बर्फाचं पाणी वाहत होतं. टपावरच्या ओझ्यानं गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर सरकला, मग लाल रेषेला टेकला, आणि पुढून वाफ आली.

आता मी जे केलं ते लिहिणं मला जड जातं. इथं काय घडत होतं ते मला वर्गात विचारलं असतं तर दोन मिनिटांत सांगितलं असतं. उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळं पाणी लवकर उकळतं. तिथं उघड्यावर ते ८५ अंशांच्या आसपास उकळतं. इंजिन नीट चालू असताना त्याचं पाणी नव्वदच्या घरात असतंच. ते उकळत नाही कारण झाकण आत दाब धरून ठेवतं, आणि पाण्याऐवजी कूलंट असेल तर उकळायचा अंश अजून वर जातो. आमच्या झाकणाचं वायसर चिरलेलं. कूलंटचा थेंब नाही. नळ्या क्षारानं बुजलेल्या. म्हणजे गाडीला तगून राहायला काहीच शिल्लक नव्हतं.

हे सगळं माहीत असूनही मी, इंजिन बंद करून पाच मिनिटंही झाली नसतील, झाकणावर फडकं टाकलं आणि ते फिरवलं. मेहुणा माझ्या उजवीकडे पाण्याची बाटली घेऊन उभा होता. पाणी कारंज्यासारखं उडालं. मी मागे झालो. त्याचा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला.

त्याच्या तोंडून आवाज निघाला नाही. बायकोनं धावत येऊन बाटली उघडली आणि त्याच्या हातावर पाणी ओतायला लागली. गाडीत बाटल्या होत्या सहा. त्यातल्या चार हातावर संपल्या. मग मुलगा रिकाम्या बाटल्या घेऊन बर्फाच्या ओहोळाकडे गेला, वीस पावलांवर धापा टाकत थांबला, पुन्हा गेला. मागच्या सीटवर मायचं डोकं ठणकत होतं. तिला दोनदा उलटी झाली. मोबाईलला रेंज नव्हती. आम्ही आज सरचूला पोचणार होतो हे जगात कोणालाही सांगितलेलं नव्हतं, त्यामुळं पोचलो नाही हेही कोणाला कळणार नव्हतं. भाच्याचे उरलेले दोन्ही प्रश्न तिथं, त्या वळणावर, एकदम माझ्यासमोर आले.

पाणी ओतता ओतता बायको हळूच म्हणाली, "कुकरमध्ये वाफ असताना झाकण कोण काढतं?" ती रागावली नव्हती. तिला खरंच समजत नव्हतं.

सुमारे पाऊण तासानं एक ट्रक थांबला. पंजाबचे वयस्क सरदारजी. त्यांनी आधी मायला पाहिलं, मग हात, मग गाडी. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतायला निघालेल्या माझा हात त्यांनी धरला. हेड तडकलं असतं. इंजिन हाताला सोसवेल इतकं निवू दिलं, मग ओहोळाचं पाणी थोडं थोडं भरलं. वर जायचं नावही काढू नका, म्हणाले. काचा उघड्या ठेवा, हीटर पूर्ण सोडा. हीटरमध्येही इंजिनचंच गरम पाणी फिरतं, त्यामुळं तो दुसऱ्या छोट्या रेडिएटरसारखं काम करतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरत जा. ट्रक वळवता येत नव्हता म्हणून ते पुढं गेले, पण आमची गाडी सुरू होऊन वळेपर्यंत उभे राहिले. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

खाली उतरताना दर वळणागणिक मायचा चेहरा उजळत गेला. दारच्यापर्यंत ती बोलायला लागली. केलाँगच्या सरकारी दवाखान्यात मेहुण्याच्या हाताला मलमपट्टी झाली. तिथल्या मिस्त्रीनं रेडिएटर उतरवून उलटा केला आणि हातोडीच्या दांड्यानं ठोकला. जमिनीवर पांढऱ्या खपल्या पडल्या. मी एक उचलून बोटांत चुरडली. न्हाणीतल्या हंड्याची तीच खडबडीत पूड.

रेडिएटरला तीन दिवस लागले. लेह रद्द केलं. परतीच्या वाटेवर तांदीला थांबलो. मायला दोघांनी धरून खाली नेलं आणि तिनं पाण्यात हात बुडवला. मेहुणा पट्टी बांधलेला हात छातीशी धरून वर रस्त्यावरच उभा राहिला.

त्याच्या हातावर आता फिकट डाग आहे. दिवाळीत तो भोकरला आला तेव्हा म्हणाला, "दाजी, लेह राहिलंय." मी लगेच हो म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघं उस्तादांकडे गेलो आणि विचारलं की कधी येऊ. यावेळी गाडी सोडून जायची नाही, शेजारी बसायचं, असं मीच सांगितलं. त्यांनी चार दिवस लावले. नवं झाकण बसवलं, निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी माझ्याच हातानं मोजून ओतवून घेतलं. चारही चाकांचे नट आमच्या स्वतःच्या पान्यानं मला सोडायला लावले, पुन्हा आवळायला लावले. कॅरिअर त्यांनी काही न बोलता उतरवून भिंतीला टेकवून ठेवलं. चौथ्या दिवशी इंजिन सुरू करून, तापवून, बंद केलं. मी झाकणाकडे पाहिलं.

"अब्बी नको," उस्ताद म्हणाले, आणि माझ्याकडे स्टूल सरकवलं. मेहुणा पलीकडे उभा होता. मी बसलो. आम्ही तिघांनी चहा मागवला आणि इंजिन निवायची वाट पाहिली.