शून्याची खातरजमा

घरातील विजेच्या दुरुस्तीत माणूस आपला जीव ज्या आकड्यावर सोपवितो, तो आकडा शून्य होय. मीटरवर 230 दिसले की हात आपोआप मागे येतो. शून्य दिसले की तोच हात निःशंकपणे उघड्या तारेकडे जातो. म्हणून मल्टिमीटर निवडताना तो किती प्रकारच्या राशी मोजतो, याची विचारपूस करण्याआधी त्याने दाखविलेल्या शून्यावर कितपत विश्वास ठेवता येईल, याची चौकशी मी करतो. दुरुस्तीच्या व्यवसायात आयुष्य गेलेल्या माणसाचा हा आग्रह नवख्या गिऱ्हाइकाला पटत नाही, कारण त्याची दृष्टी नॉबभोवती छापलेल्या चिन्हांच्या दाटीवर खिळलेली असते.

अनेक कामे एकाच उपकरणाकडून करवून घेण्याची इच्छा मात्र जुनी आणि सर्वथा योग्य आहे. ब्रिटिश पोस्ट खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकॅडी याने अँपिअर, व्होल्ट आणि ओहम यांसाठी निरनिराळी यंत्रे वागविण्याच्या कष्टातून 1923 च्या सुमारास आव्होमीटर सिद्ध केला, तो याच इच्छेपोटी. त्याच्या पुढे प्रसिद्धीस आलेल्या आठव्या नमुन्याचा रोध, डीसी व्होल्ट मोजताना, दर व्होल्टमागे 20,000 ओहम असे. आजच्या आकडे दाखविणाऱ्या मीटरचा रोध बहुधा 10 मेगोहम असतो. टेबलावरील नाजूक सर्किटाला तो उपकारक ठरतो, कारण मोजणाऱ्याच्या भाराने मोजावयाचा दाब खाली बसत नाही. परंतु हाच गुण घरच्या वायरिंगमध्ये फसवा ठरतो. जिवंत फेजशेजारून एकाच पाइपातून गेलेली, दोन्ही टोकांनी सुटी असलेली तार पुष्कळदा साठ-सत्तर व्होल्ट दाखविते, आणि वायरमन नसलेल्या दोषाच्या शोधात भिंत फोडावयास निघतो. ज्या मीटरमध्ये कमी रोधाने व्होल्ट मोजण्याची सोय असते, त्यावर हा आभासी दाब क्षणार्धात कोसळतो. दोन्ही ठिकाणी चालणारा मीटर हवा असेल, तर मी ही सोय तापमान मोजण्याच्या सोयीपेक्षा फार वरची मानतो.

आभासी दाबाने वेळ जातो; खोट्या शून्याने माणूस जातो. लीडची तार आवरणाच्या आत तुटलेली असली, किंवा नॉब एसीऐवजी डीसी व्होल्टवर राहिला, तर जिवंत फेजवरही मीटर शून्याच्या आसपास स्वस्थ राहतो. तेव्हा साक्षीदाराची जबानी लिहून घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतरही त्याची शुद्ध ठिकाणावर आहे की नाही हे पाहावे, त्याप्रमाणे आधी चालू सॉकेटवर, मग संशयित तारेवर आणि पुन्हा त्याच चालू सॉकेटवर पिना लावून पाहाव्यात. मीटर कितीही भारी किमतीचा असो, या क्रमात हयगय नसावी.

यानंतर पाहावयाची ती सुरक्षेची श्रेणी. आयईसी 61010 या मानकाबरहुकूम सॉकेटला जोडलेल्या उपकरणांसाठी कॅट दोन, घरातील वितरण फलक व कायम वायरिंग यांसाठी कॅट तीन, आणि वीज कंपनीचा मीटर व त्याच्या पुरवठ्याकडील बाजूची जोडणी यांसाठी कॅट चार अशी विभागणी आहे. जसजसे आपण मूळ पुरवठ्याकडे सरकतो, तसतसा शॉर्ट झाल्यास वाहणारा प्रवाह वाढत जातो आणि वीज कडाडल्याने येणारा दाबाचा झटकाही कमी क्षीण होऊन पोहोचतो. या विभागणीमागील कारण ते हेच. टेबलावर कॅट दोनने भागते, पण एकच मीटर दोन्हीकडे न्यावयाचा तर तो कॅट तीन, 600 व्होल्ट, यापेक्षा कमी नसावा. लीड 10 अँपिअरच्या भोकात राहून पिना सॉकेटमध्ये गेल्या, तर तो सरळ शॉर्टच होय. अशा वेळी वाळू भरलेला सिरॅमिकचा एचआरसी फ्यूज आतल्या आत ठिणगी विझवितो, साध्या काचेच्या नळीकडून ती अपेक्षा करता येत नाही. काही स्वस्त मीटरांच्या त्या भोकापाशी ‘फ्यूज नाही’ अशा अर्थाची अक्षरे छापलेली असतात, आणि ती वाचल्यावर मी तो मीटर खाली ठेवतो.

बाकीच्या गोष्टी चटकन सांगता येतील. ट्रू आरएमएस असावे. चौकोनी लहर देणाऱ्या इन्व्हर्टरवर सरासरीवरून हिशेब करणारा मीटर 230 च्या ठिकाणी 255 दाखवितो, आणि निर्दोष इन्व्हर्टर दुरुस्तीला जातो. सहा हजार काउंटचा मीटर त्याच 230 चा दशांशही दाखवितो, पण घरकामात तेवढ्या तफावतीवर काही अवलंबून नसते. कंडेन्सर मोजण्याची सोय मात्र अवश्य हवी: छताचा पंखा मंदावला, तर कंडेन्सर डिस्चार्ज करून मोजावा, 2.5 मायक्रोफॅरडच्या जागी 1.7 निघाले, म्हणजे मोटर खोलण्याचे कारण उरत नाही.

बुधवार पेठेतील दुकानात उभा राहिलो की मी दोन्ही पिना एकमेकींना टेकवितो. बझर विलंबाविना वाजला पाहिजे, आणि लीड मुळाशी वाकवून हलविली तरी त्याचा आवाज तुटता कामा नये. मग मागील झाकण उघडून फ्यूज पाहू देण्याची विनंती करतो. त्यावर व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही स्पष्ट छापलेले आढळले, की पैसे मोजण्यापूर्वी तशाच जातीचे दोन राखीव फ्यूज मागून घेतो; कारण ते गल्लीतील दुकानात सहसा मिळत नाहीत, आणि पहिला फ्यूज उडाल्यावर त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेले मीटर मी अनेकांच्या घरी पाहिले आहेत.