शेवटची पानं नसलेली पुस्तकं

नारायण धारप वाचावेत ते तालुक्याच्या वाचनालयातलेच. पुठ्ठ्याची बांधणी, मुखपृष्ठ केव्हाच गळालेलं, आत जांभळ्या शाईचा शिक्का, आणि समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं : 'रात्री वाचू नये.' भंडाऱ्याकडे मला मिळालेल्या एका प्रतीची तर शेवटची पानंच नव्हती. धारपांच्या बाबतीत हा तोटा नव्हे. शेवट त्यांना बरेचदा उरकावासा वाटतो. त्यांची खरी गंमत आधी आहे. चाळीतला, नोकरीतला, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस. त्याच्या दाराशी एके दिवशी परग्रह येऊन उभा राहतो आणि घरात दूध उतू जात असतं.

धारपांचं नाव भयकथांमुळे झालं, पण 'गोग्रॅमचा चितार', 'नेनचिम' या विज्ञान कादंबऱ्याही त्यांच्याच. शंभरावर पुस्तकं लिहून झाली, तरी समीक्षेच्या पंगतीत त्यांचं पान मांडलं गेलं नाही. द. पां. खांबेट्यांचं तर विचारूच नका. विनोदी लेखक म्हणून जुने लोक ओळखतात, विज्ञानकथाकार म्हणून फारच थोडे. 1974 मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. त्यांच्यानंतर विज्ञानकथेला प्रतिष्ठा आली. पण तिची वाट आधी तुडवली ती 'नवल'सारख्या मासिकांत लिहिणाऱ्यांनी, आणि त्यांचे अंक रद्दीत गेले.

अशा लेखकांचं पुढे काय होतं, याचं उत्तर मला भंडाऱ्याच्या जंगलात सापडतं. 1993 साली, पुढे चित्रपट दिग्दर्शक झालेले राही बर्वे सुट्टीत नागझिऱ्याच्या अभयारण्यात आले होते. गोंदिया तेव्हा वेगळा झाला नव्हता. अख्खं नागझिरा भंडारा जिल्ह्यातलं. तिथे एका मित्राने त्यांना धारपांची एक गोष्ट सांगितली. सांगितली, वाचायला दिली नाही. ती भीती पंचवीस वर्षं मुरली आणि 2018 मध्ये त्यांचा 'तुंबाड' हा चित्रपट पडद्यावर आला. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून, धसका धारपांचा. त्यातही गंमत अशी, की 'तुंबाड'मागच्या धारपांच्या 'आजी' या कथेचं मूळ स्टीफन किंगच्या एका कथेत. अमेरिकेतली म्हातारी पुण्यात येऊन मराठी बोलू लागली आणि सागाच्या रानात तिला पुन्हा दात फुटले!

ऐकीव गोष्ट अशी मुरावी यात मला नवल वाटत नाही. ही झाडीपट्टी. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि दंडार नाहीतर नाटक पहाटेपर्यंत चालतं. थंडीत चादर गुंडाळून बसलेले लोक उठत नाहीत. इथे गोष्ट ऐकायची असते. आणि धारपांची वाक्यं तोंडी सांगायला सोयीची : छोटी, अलंकार नसलेली, पुढे काय झालं याच्या मागे धावणारी. तोलूनमापून लिहिलेल्या कथेतला एक शब्द हलला तरी ती मोडते. धारपांची गोष्ट मात्र सांगणाऱ्याने दोन प्रसंग गाळले, एक पदरचा घातला, तरी उभी राहते. याला कुणी कच्चेपणा म्हणेल. मी ताकद म्हणतो.

धारपांच्या नव्या आवृत्त्या निघतात, त्यांची काळजी नाही. मला खांबेट्यांचं 'माझे नाव रमाकांत वालावलकर' हवं आहे. साकोली-तुमसरकडे कुणाच्या माळ्यावर असेल तर कळवा. शेवटची पानं नसली तरी चालेल.