आधी ब्रेक, मग रंग

जुन्या गाडीचा छंद म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे चकाकणारा रंग, पितळी दिवे आणि मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनांतून हॅट घालून मिरवणारी शौकीन मंडळी उभी राहतात. मुख्याध्यापकाच्या पगारात, परसदारी धुण्याच्या दगडाशेजारी हा छंद जमेल, असे कुणी सांगितले असते तर आमच्या घरात हशा पिकला असता. पण गेली सात वर्षे मी एका जीपची सेवा करतो आहे. तिच्यापासून जे हाती लागले, त्याचा चकाकीशी फारसा संबंध नाही.

जीप १९७८ सालची. महिंद्राची सीजे थ्री बी. खानापूर तालुक्यातल्या माझ्या थोरल्या काकांची. जांबोटीकडच्या पावसात रस्ता चिखलात बुडाला, की गावातली अडलेली बाळंतीण, भाताची पोती, लग्नातला नवरदेव, सारे याच जीपमधून जात. काका गेल्यावर ती गोठ्याशेजारी अकरा पावसाळे उभी राहिली. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला, तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, तू नेत असशील तर ने. माझ्या हातून तिला तोडायला देववत नाही." तिला ट्रकवर चढवून बेळगावला आणले.

या गाडीचे कुळ मोठे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलीज आणि फोर्ड कारखान्यांनी लष्करासाठी जीप लाखांनी बनवली. आपल्याकडे १९४५ साली महिंद्र बंधू आणि गुलाम महंमद यांनी 'महिंद्र अँड महंमद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीच्या नावात दोन्हीकडे 'महिंद्र' आले. याच कंपनीने विलीज जीप मुंबईत जुळवायला घेतली. सीजे थ्री बी हे नमुन्याचे नाव अमेरिकेत १९५३ साली आले. तिचे बॉनेट उंच का, असे मुले विचारतात. तिच्या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह डोक्यावर आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन उंच झाले आणि त्याला झाकायला बॉनेटही वर उचलावे लागले. म्हणजे तिचे ते ताठ नाक ही शोभा नव्हे, गरज आहे.

गाडी परसात आली तेव्हा घरच्या मंडळींचा सारा उत्साह रंगाचा होता. मुलीला लष्करी हिरवा हवा, मुलाला लाल. आमचे मिस्त्रीमामा स्टुलावर बसून चहा पीत होते. हे घरी कन्नड, बाजारात मराठी आणि गॅरेजात उर्दूमिश्रित हिंदी बोलणारे, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. बशी खाली ठेवून म्हणाले, "सर, रंग कवा बी मारता येतोय. गाडी थांबतीय काय बघा आधी."

तोच आमचा अभ्यासक्रम ठरला. आधी थांबणे, मग वळणे, मग थंड राहणे, मग चालणे आणि सर्वांत शेवटी दिसणे.

या जीपला चारही चाकांना ड्रमचे ब्रेक, आणि ब्रेकच्या तेलाची वाट एकच. कुठल्याही एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो; पायातले पेडल थेट जमिनीला टेकते. शिवाय हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते आणि सिलिंडर आतून खातो. अकरा पावसाळ्यांनी चारही सिलिंडरांना खड्डे पाडले होते. ते बदलले, नळ्या बदलल्या, रबरी कप बदलले. मग हवा काढण्याचे काम. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाशी निपल सैल करून बुडबुडे जाऊ द्यायचे आणि पेडल सुटण्यापूर्वी पुन्हा आवळायचे. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. पेडलवर आमच्या सौभाग्यवती होत्या. "दाब! धर! सोडू नकोस!" हा माझा घोष ऐकून शेजारचे पाटीलकाका कुंपणावरून डोकावले. तिने शांतपणे सांगितले, "काही नाही काका, हे मला शिकवताहेत."

वळण्याच्या धड्याला उद्यमबागेने हात दिला. बेळगावच्या या वसाहतीत लेथ आणि फाउंड्र्या दाटीने नांदतात. जुन्या यंत्राचा सुटा भाग बाजारात मिळेनासा झाला तर तिथे घडवून मिळतो. स्टेअरिंगच्या बेलक्रँकची पिन आणि बुश झिजून चाक चार बोटे रिकामेच फिरत होते. माझ्याच शाळेतून गेलेला एक विद्यार्थी तिथे टर्नर आहे. त्याने मायक्रोमीटर लावला आणि मापे मराठीत सांगत, कन्नडमध्ये लिहून घेतली. त्याच्या वहीकडे बघताना मला जाणवले, की ज्या शब्दांवरून आपल्याकडे मोर्चे निघतात, तेच शब्द या टेबलावर एकमेकांना हत्यारे देतात. मिस्त्रीमामांचे 'बिगी माडू' म्हणजे आवळ, 'सडिल' म्हणजे सैल. आमच्या घरची पोरे आता स्वयंपाकघरातल्या डब्याचे झाकणसुद्धा 'बिगी' करतात.

आवळण्यावरून आठवले. रविवारी वरच्या वर्गातली तीन-चार मुले हौसेने येत. एकदा डाव्या बाजूचे चाक काढायचे होते. दोघे पान्यावर उभे राहिले तरी नट हलेना. मिस्त्रीमामांनी थांबवले. या जीपच्या डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे आहेत. मुले जीव खाऊन सोडवत नव्हती, आवळत होती. चाक ज्या दिशेने धावते, त्या फिरण्याने नट सुटू नये म्हणून जुन्या कारागिरांनी योजलेली ही युक्ती. जोर वाढवण्याआधी दिशा तपासावी, हे तत्त्व मी तीस वर्षे फळ्यावर सांगत आलो; मुलांना ते त्या नटाने एका मिनिटात पटवले.

पुढे रेडिएटर धुतला, प्लग बदलले, पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरला आणली. एक-तीन-चार-दोन हा ठिणगीचा क्रम मुलांनी पाढ्यासारखा पाठ केला. पेट्रोलची नवी चिंता मात्र काकांच्या काळी नव्हती. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी ओढते आणि जुन्या जातीच्या रबराला सोसत नाही. म्हणून नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा नव्या जातीचा घातला. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी महिनोन्महिने उभी करायची नाही, हा नियम केला. पत्रा अगदी शेवटी. गंज खरवडला, कुजलेली जमीन कापून नवा पत्रा जोडला, रेड ऑक्साइड दिले, लांबी भरली, घासली; आणि रंग काकांचाच, धुरकट निळा.

हितचिंतकांचा सल्ला सुरूच होता. "डिझेल इंजिन बसवा, दुप्पट चालेल." हिशेबाने ते बरोबर असेल. दुसरे म्हणत, "दोन-तीन वर्षे थांबा." २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी देऊ केली आहे, माझी जीप २०२८ साली पन्नाशी गाठेल. पण त्या नोंदणीची गाडी प्रदर्शनाला, फेरीला न्यायची. रोजच्या कामाला रस्त्यावर आणायची नाही. मी पाच-पाच वर्षांचे साधे नूतनीकरणच चालू ठेवणार आहे. बाजारहाटाला जाणारी जीप मला हवी आहे.

त्याचे कारण काकू. काकांच्या वर्षश्राद्धाला आम्ही जीपनेच खानापूरला गेलो. येताना चौऱ्याऐंशी वर्षांच्या काकू माझ्या शेजारी बसून बेळगावला निघाल्या. त्यांना आता नीट दिसत नाही. वाटेत एका चढाला इंजिनाचा आवाज जड झाला, तशा त्या पुढे बघतच म्हणाल्या, "दुसऱ्यात टाक रे. हे इथंच टाकायचे." त्या स्वतः कधी गाडी चालवायला शिकल्या नव्हत्या. वर्षानुवर्षे शेजारी बसून त्यांनी ती ऐकली होती. मी गिअर खाली घेतला. इंजिन सुटे झाले आणि काकूंनी पदर तोंडाला लावला. डिझेलचे इंजिन बसवले असते, तर काकूंना ती जागा ओळखू आली असती का?

वाचकहो, अशी एखादी वस्तू आपल्याकडे असेल तर दोन गोष्टी सांगतो. फोर-व्हील कोरड्या पक्क्या रस्त्यावर लावू नये. वळताना पुढची नि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि तो ताण दातांवर येतो. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा; इंजिन उलटे फिरले तर अंगठा मोडतो. बाकीचे कोणी जाणता कारागीर शिकवील. मात्र तो आहे तोवर शिकून घ्यावे.

कारण मिस्त्रीमामांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरला आहे. त्यांचा मुलगा चांगला मेकॅनिक आहे, पण त्याच्याकडे येणाऱ्या गाड्यांना पॉइंट नसतात. तो संगणकाची वायर जोडून दोष वाचतो. मामा मात्र पॉइंटची फट नखाने जाणतात. गेल्या वर्षापासून ते खुर्चीवर बसून सांगतात आणि रविवारची मुले करतात. त्यातली दहावीतली एक मुलगी सारे एका वहीत उतरवते: मराठी वाक्ये, कन्नड क्रियापदे, मधूनमधून इंग्रजी सुटे भाग. परवा मामांनी तिच्याकडून शेवटचे पान वाचून घेतले आणि एकच दुरुस्ती सांगितली. तिने लिहिले होते, 'मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक ठीक आहे.' मामा म्हणाले, "'ठीक आहे' लिवू नको पोरी. 'मार्चमधी परत बघायचं' असं लिव."