चाळीसच भरले

गलोंड्याच्या ओहळाकाठी मी मुलं मोजली तेव्हा चाळीस भरली. पुन्हा मोजली, एकेकाच्या डोक्याला हात लावून. चाळीसच. सकाळी बसमधून उतरताना एक्केचाळीस होती.

डिसेंबर २०२२ची ही गोष्ट. मी सिलवासातल्या एका शाळेत सातवीची वर्गशिक्षिका आहे. दादरा नगर हवेली म्हटलं की मराठी माणसाला १९५४ आठवतं, सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे आठवतात, २ ऑगस्टला मुक्त झालेलं सिलवासा आठवतं. माझ्या वर्गातल्या मुलांची हवेली वेगळी आहे. करसवलतीच्या काळात इथे कारखाने आले, त्यांच्यामागून खानदेशातून, बिहारमधून, ओडिशातून माणसं आली. त्यांची मुलं चाळीतल्या एका खोलीत वाढतात. खेळायची जागा म्हणजे दोन चाळींमधली गल्ली, आणि तिथेही टेम्पो वळतात. ४९१ चौरस किलोमीटरच्या या मुलखात सुमारे चाळीस टक्के जंगल आहे, पण ते या मुलांनी बसच्या खिडकीतूनच पाहिलेलं. गावी जाताना डोळा लागला नसेल तर.

वर्गात मला दर वर्षी एक गोष्ट दिसते. जूनमध्ये मागच्या बाकावर खुशीत बसलेली मुलं दिवाळीनंतर पुढे सरकायला मागतात. फळा दिसत नाही. चीनमधल्या ग्वांगझूमध्ये बारा शाळांत एक प्रयोग झाला, २०१५ साली तो छापून आला. त्यांतल्या निम्म्या शाळांत पहिलीतल्या मुलांना शाळेच्या वेळात रोज चाळीस मिनिटं जास्त, उजेडात, बाहेर सोडलं. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना लांबचं कमी दिसू लागलं होतं, तर नेहमीचाच दिनक्रम ठेवलेल्या शाळांमध्ये ३९.५ टक्के. औषध नाही, यंत्र नाही, नुसतं बाहेर जाणं. हे वाचलं आणि सहलीचं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. वॉटर पार्कवाली सहल नव्हे. रानातून पायी फिरायची.

गलोंडा निवडलं ते आमचे शाळेतले एक शिपाईकाका त्या बाजूचे म्हणून. वारली. ते म्हणाले, "चला की, आमच्या रानात काय कमी आहे?" कमी माझ्याच तयारीत होतं. मी मुलांना टोप्या आणायला सांगितलं, बिस्किटं घेतली, आणि पालकांकडून तो नेहमीचा छापील कागद भरून घेतला. त्याच्या शेवटी एक ओळ असते: माझ्या पाल्यास काही इजा झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. एक्केचाळीस सह्या माझ्या पर्समध्ये होत्या. वाट मात्र मी आधी एकदाही चालून पाहिली नव्हती.

तर चाळीस. कोण नाही हे कळायलाच चार-पाच मिनिटं गेली, कारण डोकी मोजली की आकडा कळतो, नाव कळत नाही. नाव कळल्यावर मी ओरडायला लागले. मग सगळीच मुलं ओरडायला लागली, आणि दोन शूर वीर "आम्ही बघून येतो बाई" म्हणत मला विचारायच्या आत झाडीत घुसले. आता अडतीस. शिपाईकाकांचे थोरले भाऊ सोबत होते. ते आतापर्यंत एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी आधी त्या दोघांना शीळ घालून परत बोलावलं, मग म्हणाले, "सगळे खाली बसा. बाई, तुम्ही पण."

मी बसले नाही. त्यांच्याबरोबर निघाले, आणि घाईघाईत एक वेल हाताने बाजूला सारला. खाजकुयलीचा. डिसेंबरात तिच्या शेंगा वाळून तपकिरी मखमली दिसतात आणि वाऱ्यानेसुद्धा कूस उडते. मनगटापासून कोपरापर्यंत आग. चालता चालता काकांचे भाऊ मागे न बघता म्हणाले, "चुकलेलं माणूस हिंडत राहतं, म्हणून सापडत नाही. ते एका जागी बसलं तर आपण जाऊ त्याच्याकडे."

आमचा गडी हिंडत नव्हता. पंचवीस मिनिटांनी तो एका बोरीखाली सापडला, दोन्ही खिसे भरलेले, सदऱ्याची बाही काट्यात अडकलेली. मी रागाने थरथरत होते. तो शांतपणे म्हणाला, "बाई, तुम्हीच सांगितलं होतं ना, घाई करू नका, नीट बघा."

पाड्यावर आल्यावर एका आजींनी माझ्या हाताला ओलं शेण थापलं. वर्गातल्या मुलींना हसू आवरेना. मी ते हसू पदरात घेतलं, त्या दिवशी मला तेवढंच मिळण्याजोगं होतं.

संध्याकाळी मुलाच्या आईला सगळं खरं सांगितलं. ती सुताच्या कंपनीत बारा तास उभी असते. ती म्हणाली, "सापडला ना? मग झालं." मी त्या कागदाबद्दल काहीतरी बोलू लागले. "तो कागद मी वाचलाच नव्हता बाई. तुम्ही नेताय म्हणून सही केली." तिने सही कुणाला पाहून केली होती आणि मी ती कशासाठी गोळा केली होती, या दोहोंतलं अंतर त्या रात्री खाजेपेक्षा जास्त टोचलं.

पुढच्या वर्षी सहल झालीच नाही. मुख्याध्यापक नको म्हणाले, मीही आग्रह धरला नाही. मग १८ जानेवारी २०२४ला बडोद्यात हरणी तलावात सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. आमच्या शिक्षककक्षात एकच सूर होता: बघा, सहली बंदच हव्यात. मला तसं वाटेना. त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसवली होती आणि सगळ्यांना जीवरक्षक जाकिटं नव्हती. मुलं बुडाली ती सहलीमुळे नव्हे, कुणी मोजलं नाही म्हणून. मी ज्या चुकीतून पंचवीस मिनिटांत आणि खाजेवर सुटले, तीच चूक तिथे पाण्यावर झाली. आमचे पालक हौसेने "दूधनीला बोटिंगला न्या" म्हणतात, तेव्हा मी आता आधी विचारते, जाकिटं किती आहेत आणि सातवीच्या मुलाच्या मापाची किती आहेत.

जुलै २०२४मध्ये दप्तराविना दहा दिवसांच्या मार्गदर्शक सूचना आल्या. २०२०च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी ती सोय होतीच, आता तिला कागद मिळाला. मुख्याध्यापकांपुढे मी तो ठेवला. ते म्हणाले, "जा, पण तुमच्या जबाबदारीवर." म्हटलं, ती तशीही माझीच आहे.

या वेळी आठ दिवस आधी मी काकांच्या भावांबरोबर सगळी वाट चालून आले. मोठ्या माणसाला चाळीस मिनिटं लागली, म्हणजे मुलांना दीड तास. आग्या मोहोळ कुठल्या झाडावर आहे ते पाहिलं आणि वाट तिथून वळवली. मुलांना सांगितलं, सेंट नको, वासाचं तेल नको. चावलं-डसलं तर काय, हेही ठरवून ठेवलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, कुठलाही साप असो: कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, तो अवयव हलू द्यायचा नाही, आणि थेट सिलवासाचं विनोबा भावे रुग्णालय. गाडी पाड्याच्या तोंडाशी, तोंड रस्त्याकडे करून उभी. ड्रायव्हरने जेवायलाही हलायचं नाही. तो बिचारा दिवसभर माझ्यावर खार खाऊन होता.

आणि मोजणी. अडतीस मुलं, अडतीस नंबर. मोजायचं मी नाही, त्यांनीच: एक, दोन, तीन, आपापला आकडा मोठ्याने. कुठे खंड पडला की कोण नाही ते त्याच क्षणी कळतं. शिवाय प्रत्येकाची जोडी ठरलेली, एक शिक्षक सर्वांत पुढे, एक सर्वांत मागे. मागच्या सरांना मुलांनी "शेपूट" नाव ठेवलं, त्यांनीही मनावर घेतलं नाही. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. चुकलात तर जिथे आहात तिथेच बसायचं आणि तीनदा वाजवायची. पहिल्या अर्ध्या तासात उगाचच इतक्या शिट्ट्या वाजल्या की रानातली पाखरं सोडून गेली असावीत. नंतर हौस फिटली.

हे सगळं लष्करी वाटेल, पण तसं झालं नाही. मोजणीची काळजी मुलांच्या अंगवळणी पडली आणि मी मोकळी झाले. मागच्या खेपेला मी दिवसभर "पळू नका, चढू नका" एवढंच बोलले होते. या वेळी मुलं झाडावर चढली, घसरली, खरचटली. बोरं खाल्ली, एका फांदीवरची सगळी नाही, थोडी पाखरांना ठेवून. हा नियम माझा नव्हे, काकांच्या भावांचा. मग मुलांना एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात पण लांब लांब बसवून दहा मिनिटं गप्प राहायला सांगितलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला लावलं. कुणी कोंबडा लिहिला, कुणी वाळकी सागाची पानं. कारखान्याला लागून राहणाऱ्या एका मुलीच्या वहीत एकच वाक्य होतं: "इथे मशीन बंद आहे."

ती वही मी अजून परत केलेली नाही.

जेवण पाड्यावर होतं, नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि चटणी. पैसे आधी ठरवून, सांगून दिले. पाहुणचार म्हणून फुकट खाऊन येणं आणि वर "आदिवासी लोक किती प्रेमळ" असं भाषण करणं मला पटत नाही. एका घराच्या भिंतीवर लग्नातला चौक होता, तांदळाच्या पिठाने काढलेला, मधे पालघाट देवी. एका मुलाने फोन काढला (फोन आणायचा नाही असं सांगूनही आणला होता). घरातल्या काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "विचारलंस का?" तो ओशाळला. त्याने विचारलं. त्या नाही म्हणाल्या. मग त्यांनी त्याला आत बोलावून चौकाबद्दल सांगितलं, सवाशिणी तो कशा काढतात, लग्न लावणाऱ्या धवलेरी गाणी म्हणतात तेव्हाच लग्न लागतं कसं. फोटोपेक्षा जास्त त्याच्याकडे राहिलं. पण फोटो मिळाला नाही याचं दुःख त्याने बसमध्येही केलं, ते लपवत नाही.

ज्या मुलाला मी बोरीखालून शोधून आणलं होतं, तो तोवर नववीत गेला होता. निघण्याआधी माझ्याकडे येऊन म्हणाला, "बाई, मला शेपूट म्हणून न्या." वर्गाचे तास बुडतात म्हणून नेलं नाही. न्यायला हवं होतं.

परतीला बसच्या दाराशी मोजणी झाली, एक ते अडतीस, कुठेही न अडखळता. पाण्याच्या बाटल्यांवरही नंबर घातले होते, कचरा म्हणून एकही रानात राहू नये यासाठी. त्या सदतीस भरल्या. सतराव्या नंबरची बाटली शोधायला शेपूटसर आणि तिचा मालक परत ओहळापर्यंत गेले. बस वीस मिनिटं थांबली, बाकीच्यांनी दोघांच्या नावाने शंख केला. बाटली मिळाली.

आमच्या शाळेच्या सहलीच्या कागदावर आता ती शेवटची ओळ नाही. त्या जागी कुठे जाणार, वाट कोणी पाहून आलं, सोबत कोण, जवळचं रुग्णालय कोणतं, परत किती वाजता, एवढं लिहिलेलं असतं, आणि खाली पालकांच्या सहीशेजारी माझी सही. तुमच्या मुलाने आणलेल्या कागदावर ती जुनी ओळ असेल, तर मुलाला घरी ठेवू नका. सही करायच्या आधी शाळेत जाऊन एकदा विचारा: मोजणार कोण?